मीरोनला विचारलेला दुसरा प्रश्न

मीरोन कोंतादाकिसचं अपेंडिक्स फुटायला आलं, तेव्हा तो पोलिडोरोसच्या कॉफीच्या दुकानात बाकावर दुमडून बसला होता आणि म्हणत होता, "काही नाही रे, मी ठणठणीत आहे." हे ऐकताच दुकानातली चारही माणसं हातातले पत्ते टाकून उठली. मीरोन स्वतःच्या तोंडाने ठणठणीत म्हणतोय म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं, हे कुणी कुणाला सांगायची गरजच पडली नाही. त्याला खेचरावर घालून खाली तालुक्याच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर नवा होता, शहरातला. त्याने पोट दाबून विचारलं, "इथे दुखतं?"

"नाही," मीरोन कण्हत म्हणाला.

"आणि इथे?"

"हो, तिथे फार."

डॉक्टरने डावीकडे खूण करायला घेतली. दारात उभ्या असलेल्या पोलिडोरोसला राहवेना. "डॉक्टरसाहेब," तो म्हणाला, "जिथे नाही म्हणतोय तिथे कापा." डॉक्टरने त्याच्याकडे पाहिलं, पेशंटच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि देवाचं नाव घेऊन उजवीकडे कापलं. म्हणून मीरोन वाचला, नाहीतर ही गोष्ट इथेच संपली असती.

क्रीटच्या डोंगरातल्या आमच्या आनो वारसामो गावात खोटं बोलणारे पुष्कळ होते, पण त्यांचा काही नेम नसायचा. कधी खोटं बोलतील, कधी चुकून खरं बोलून जातील. मीरोनचं तसं नव्हतं. सात वर्षांचा असताना मावशीने नवं बाळ दाखवून "कसं आहे?" असं विचारलं आणि तो "कासवासारखं" म्हणाला. बाळ खरोखरच कासवासारखं होतं, ते आज आमच्या गावचं पोस्ट सांभाळतं आणि अजूनही तसंच दिसतं. पण मीरोनने त्या दिवशी जो मार खाल्ला, त्यानंतर खरं म्हणून बोलायचं नाही असं त्याने ठरवून टाकलं आणि शब्द पाळला. पन्नास वर्षं पाळला. एवढी शिस्त आमच्या गावात दुसऱ्या कुणी कसल्याच बाबतीत दाखवली नाही.

गावाला हळूहळू त्याची सवय झाली. "आज पाऊस नाही," असं मीरोन म्हणाला की बायका अंगणात वाळत घातलेले बेदाणे धावत आत न्यायच्या. "या पिंपातलं चीज उत्तम," असं म्हणाला की ते पीप डुकरांना जायचं. सगळा गाव त्याला खोटारडा म्हणायचा आणि सगळा गाव त्याच्याच शब्दावर चालायचा. फसवलं म्हणावं तर त्याने कुणाला कधी फसवलंच नव्हतं.

त्रास व्हायचा तो एकट्या पाद्रीबाबा तितोसना. ईस्टरच्या आधी मीरोन पापांची कबुली द्यायला गुडघे टेकायचा आणि म्हणायचा, "पाद्रीबाबा, मी खोटं बोलतो."

"हे खरं सांगतोयस?"

"नाही."

"म्हणजे तू खोटं बोलत नाहीस?"

"नाही तर काय."

पाद्रीबाबा स्वतःवरच क्रूसाची खूण करायचे. मग दोन्ही बाजूंची क्षमा एकदमच देऊन टाकायचे आणि घरी जाऊन पडायचे.

असं सगळं मजेत चाललं होतं. पण पंचावन्नाव्या वर्षी मीरोन प्रेमात पडला आणि त्याचं अवघड झालं.

पेलागिया त्याच्या मेंढवाड्याच्या खालच्या अंगाला राहायची. नवऱ्याला जाऊन अकरा वर्षं झालेली, पोटी मूल नाही, घरात दुसरं माणूस नाही. साठ मेंढ्या ती एकटी सांभाळायची. खोटं बोलणं तिला माहीतच नव्हतं. तिने "तुझी भाजी खारट झाली" म्हटलं की ती खारटच असायची आणि त्यामुळे तिला लग्नाकार्यात जेवायला बोलावताना यजमानीण दहादा विचार करायची. मीरोनला ती इतकी आवडायची की ती ओढ्यावर आली की तो रिकामा हंडा घेऊन निघायचा आणि रिकामाच परत आणायचा.

पण सांगणार कसं? एकदा ऑलिव्ह झोडपण्याच्या दिवसांत त्याने धीर करून म्हटलं, "पेलागिया, तू फार छान दिसतेस." पेलागियाने ते सगळा गाव ऐकतो तसं उलटं ऐकलं आणि ईस्टरपर्यंत त्याच्याशी अबोला धरला. पुढच्या वर्षी तो शहाणा झाला. म्हणाला, "पेलागिया, तुझ्याकडे बघवत नाही." ती लाजली. संध्याकाळपर्यंत खुशीत होती. मग तिच्या मनात आलं, मेल्याला आता कळलंय की मी त्याचं उलटं ऐकते. म्हणजे मी हे उलटं ऐकणार हे धरूनच तो मला फसवायला बोलला असेल तर? दुसऱ्या दिवशी तिने त्याची उसनी आणलेली चाळणी उंबऱ्यावर आपटून परत केली. मीरोनने आपलं मन सांगायचे दोन्ही मार्ग वापरून पाहिले होते आणि तिसरा मार्ग देवाने ठेवलेला नव्हता. त्या उन्हाळ्यात तो फार खचला. पोलिडोरोसने विचारलं तर म्हणाला, "मजेत आहे," आणि पोलिडोरोसने न मागता त्याच्यापुढे राकी दारूचा दुसरा पेला ठेवला.

शेवटी त्याने शब्दांचा नाद सोडला आणि आमच्या डोंगरात भला माणूस करतो ते केलं. त्याने पेलागियाचा मेंढा चोरला.

आमच्याकडे चोरी दोन प्रकारची. चोरून खाल्लं तर तो चोर. पण एखाद्या घराशी संबंध जोडायचा असेल, तर त्या कळपातलं एक जनावर न्यायचं, नीट सांभाळायचं आणि वाट बघायची. धनी माग काढतो, मध्यस्थ पाठवतो, दोन्ही घरं एका टेबलाशी बसून जेवतात, आणि उठतात ती जन्माचे सोयरे होऊन. आमच्या गावातली निम्मी नाती अशीच जुळलेली आहेत. मीरोनने भर दुपारी पेलागियाचा म्होरक्या मेंढा नेला. कर्नल त्याचं नाव, छाती काढून चालायचा म्हणून. मीरोन स्वतः जवाचा शिळा पाव खायचा आणि कर्नलला निवडलेले जव घालायचा. गळ्यातली मोठी घंटासुद्धा त्याने काढली नाही, कारण सापडणं हाच तर बेत होता.

पंधरा दिवस गेले तरी मध्यस्थ काही येईना. रविवारी प्रार्थनेनंतर पेलागिया सगळ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माझा कर्नल मीरोनने नेलाय असा माझा संशय आहे. त्याने संत मिनासपुढे हात ठेवून उत्तर द्यावं."

मीरोनच्या पायाखालची जमीन सरकली. सोयरीक करायची ही रीत पुरुषांनी पुरुषांसाठी काढलेली होती. एकट्या विधवेच्या कळपातून जनावर नेलं तर त्याला काय म्हणतात, हा विचार त्याच्या डोक्यात आलाच नव्हता. आता त्याला ते ऐकू येत होतं. मागच्या बाकावरची म्हातारी 'चोर' असं स्पष्टच म्हणत होती.

टेकडीवरच्या चॅपेलमध्ये संत मिनासची जुनी तसबीर आहे. हरवलेल्या वस्तू तो शोधून देतो. जनावर चोरल्याचा आळ आला की तिच्या चौकटीवर हात ठेवायचा, धनी दोन प्रश्न विचारतो, त्यांना उत्तर द्यायचं. त्या तसबिरीपुढे आजवर कुणी खोटं बोललेलं नाही. एकाने प्रयत्न केला होता, त्याच्या मिशीचा उजवा भाग आठवड्याभरात गळून पडला.

त्या आठवड्यात पोलिडोरोसच्या दुकानात कुणी पत्ते खेळलं नाही.

"मीरोन 'नाही नेला' म्हणाला, तर?" पोलिडोरोसने विचारलं.

"तर त्याने नेला," एकजण म्हणाला. "मीरोन आहे तो."

"पण संतापुढे खोटं बोलता येत नाही."

"आणि मीरोनला खरं बोलता येत नाही."

"मग तसबिरीवर हात ठेवून तो बोलेल काय?"

अथेन्सहून बदलून आलेले शाळेचे मास्तर कोपऱ्यातून म्हणाले, "क्रीटची माणसं सगळी खोटारडी, असं तुमच्याच एका क्रीटच्या माणसाने फार पूर्वी म्हणून ठेवलंय."

"तो आमचाच?" पोलिडोरोस म्हणाला. "मग तो खोटं बोलला."

"म्हणजे तुम्ही खरं बोलता."

"अर्थात."

"तर मग त्याचंही खरं धरा."

पोलिडोरोसने मास्तरांची कॉफी उचलून नेली आणि म्हणाला, "मास्तर, उद्यापासून घरी पीत जा."

शनिवारी सकाळी सगळा गाव चॅपेलमध्ये कोंबला होता. मीरोनने दाढी केली होती. घाबरत होता तो संताला नव्हे. आज पेलागियाने तोंड फिरवलं तर ते कायमचं, याची त्याला भीती होती. त्याने चौकटीवर हात ठेवला. पेलागिया समोर येऊन उभी राहिली.

"मीरोन, कर्नल तू नेलास?"

मीरोनने मावशीच्या बाळापासून आजवरची सगळी वर्षं आठवली, डोळे मिटले आणि म्हणाला, "हो. मी नेला."

ऑलिव्हच्या दिवसांतलं ते एक वाक्य सोडलं, तर पन्नास वर्षांत तो पहिल्यांदा खरं बोलला होता. आणि याही वेळी त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

"सुटला," पोलिडोरोस म्हणाला. "मीरोन नेला म्हणतोय, म्हणजे नेला नाही."

"कबूल केलंय त्याने," मागची म्हातारी म्हणाली. "संतापुढे."

"अहो आजी, तो कबूल करतोय हीच तर निर्दोष असल्याची खूण."

"मिशी बघा त्याची, मिशी," कुणीतरी म्हणालं, आणि पुढची दोन माणसं खरोखरच वाकून बघू लागली. पाद्रीबाबांनी कपाळाला हात लावला. मीरोन त्या गोंधळात चौकट धरून उभा होता. एवढं एकटं त्याला ऑपरेशनच्या टेबलावरही वाटलं नव्हतं.

"माझा दुसरा प्रश्न राहिलाय," पेलागिया म्हणाली.

मिशी बघणारे सरळ उभे राहिले. तिचे कान लाल झाले होते, पण आवाज कडक होता.

"मीरोन, नीट ऐक. 'मी तुला आवडते का?' असं मी तुला विचारलं, तर तू 'हो' म्हणशील का?"

मीरोन मनातल्या मनात हिशोब मांडू लागला. सवयीने खोटं बोलावं, तर? ती मला आवडते का असं सरळ विचारलं असतं तर मी 'नाही' म्हणालो असतो. म्हणजे 'हो म्हणशील का' याचं खरं उत्तर 'नाही'. तेव्हा खोटं बोलायचं तर आता 'हो' म्हणायला हवं. बरं, संताला स्मरून खरं बोलावं, तर? तरीही 'हो'च. तो पुन्हा उलट बाजूने गेला. पुन्हा तिथेच आला. मास्तर बोटांवर काहीतरी मोजत होते.

"हो," मीरोन म्हणाला.

"झालं तर," पेलागिया म्हणाली आणि लोकांकडे वळली. "आता खुशाल भांडा. तो खोटं बोलत असेल तरी उत्तर एकच आणि खरं बोलत असेल तरी उत्तर एकच. आवडत नसते तर दोन्हीकडून 'नाही' आलं असतं. दोन वर्षं दूध काढताना हा प्रश्न मी जुळवलाय." मग ती मीरोनला म्हणाली, "आणि कर्नलला आज आणून सोड. तीन आठवडे त्याची घंटा ऐकतेय मी. भलता लठ्ठ झाल्यासारखी वाजते."

"तुला ठाऊक होतं?" मीरोनने विचारलं. "मग मध्यस्थ का नाही पाठवलास?"

"कुणाला पाठवू? माझ्या घरात आहे कोण?" ती म्हणाली. "म्हणून म्हटलं, संतच बसू दे मधे."

मीरोनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ते पुसायला त्याने हात उचलला आणि तेवढ्यात म्हातारीने त्याची मिशी एकदा ओढून पाहिली. ती पक्की होती.

चॅपेलमधून बाहेर पडताना पाद्रीबाबांनी पोलिडोरोसला बाजूला घेऊन सांगितलं, "लग्नाची मला काळजी नाही. आपल्या विधीत नवऱ्याला एक अक्षर बोलावं लागत नाही. देवाने काय विचार करून ठेवलंय बघ."

उतारावर मीरोनने पेलागियाला गाठलं. "आणि मी?" त्याने विचारलं. "मी तुला?"

पेलागिया थांबली. जिने जन्मात भाजीच्या मिठाबद्दलसुद्धा खोटं सांगितलं नव्हतं, ती त्याच्याकडे सरळ बघत म्हणाली, "नाही. मुळीच नाही. आणि उद्या सकाळी माझ्याकडे न्याहारीला अजिबात येऊ नकोस." मग ती भराभर चालू लागली.

मीरोन रस्त्यातच उभा राहिला. त्याचं बोलणं लोकांनी पन्नास वर्षं उलटं करून घेतलं होतं, पण दुसऱ्याचं बोलणं उलटं करायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. हे काम किती मेहनतीचं आहे ते त्याला कळलं. अर्ध्या वाटेवर त्याला एकदा वाटलं की हो, ओढ्यापाशी वाटलं की नाही, मेंढवाड्याच्या फाटकाशी पुन्हा वाटलं की हो. घरी तो नुसता येरझाऱ्या घालत राहिला.

उजाडल्या उजाडल्या तो कर्नलला घेऊन तिच्या दारात उभा राहिला. दार उघडंच होतं. टेबलावर गरम दूध, चीज, मध आणि जवाचे पाव होते, आणि ताटल्या दोन होत्या.