लाईन शब्दाचं मूळ आणि शेजारणीचं खाचर

मला शब्दांचं वेड उशिरा लागलं. शाळा माझी पाचवीत सुटली. इंग्रजी अक्षरं मी शिकले ती एसटीच्या पाट्या आणि साबणाच्या वेष्टनांवरून. आता नात शहापूरला कॉलेजात जाते. तिच्या मोबाईलवर कुठल्याही शब्दाचं मूळ सापडतं म्हटल्यावर मी तिला रोज सतावते. आज हा शब्द बघ, उद्या तो.

या आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या आधी मी तिला ‘लाईन’ बघायला सांगितलं. कारण काय, तर हा शब्द आमच्याकडे दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या तोंडात असतो. वीज गेली की ‘लाईन गेली’. रेशनला उभं राहायचं ते लाईनीत. आसनगावला रूळ ओलांडताना ‘लाईनवर बघून जा’. भातसानगरचा कुणी भेटला की विचारायचं, पोरगा कुठल्या लाईनला गेला? आणि पोरं नाक्यावर जी लाईन मारतात ती वेगळीच, ती मी नातीला विचारली नाही.

नातीनं वाचून दाखवलं. फार पूर्वी परदेशात जवसाच्या झाडाच्या वाखापासून सूत काढायचे. त्या सुताच्या नावावरून हा शब्द आला. सूत म्हणजे दोरी, ताणून धरली की सरळ रेघ, रेघेत उभी राहिली ती रांग. मग तार, मग रूळ. ब्लाउजच्या आतलं लायनिंगसुद्धा त्याच घरातलं, कारण ते आधी जवसाच्या कापडाचं लावत. मी थक्क झाले. ज्या जवसाची चटणी घाटावरचे लोक खातात, त्याच्यातून केवढा पसारा निघाला! हे कुणाला सांगू नि कुणाला नको, असं मला झालं.

त्याच आठवड्यात आमची आवणी निघाली. आमच्याकडे अजून सावड चालते. पाच-सहा घरच्या बाया मिळून आज हिच्या खाचरात रोपं लावायची, उद्या तिच्या. मजुरी नाही, जेवण त्या घरचं. आणि एक रीत आहे, हात घातलेलं खाचर पुरं केल्याशिवाय कुणी उठत नाही. पहिली पाळी माझी होती, दुसरी शेजारणीची. ती माझ्या धाकट्या सुनेच्या वयाची. माहेर तिचं वर टोकावड्याकडचं. नवरा कामाला बाहेर, भाताचं खाचर एकच, तेही चढावर. तिथं पाणी थांबत नाही.

सकाळी चिखलात उतरतानाच ती म्हणाली, “काकू, माझ्या खाचरात पाणी आजचाच हाय. तुमचा दुपारपर्यंत उरकला तर वर जाऊ सगळ्या. मी रोपा पण काढून ठेवलीत.”

“होईल गो,” मी म्हटलं. आणि घरून आणलेली सुताची दोरी काढली.

शेतीखात्याच्या माणसानं ओळीत लावायचं कधीतरी दाखवलं होतं. दोन टोकांना दोघींनी दोरी धरायची, बाकीच्यांनी तिच्या कडेनं रोपं लावायची, मग दोरी मागं सरकवायची. आमच्या बायांना ती सवय नाही. त्यांचे हात मोकळे चालतात, झपाझप. पण मला त्या दिवशी दोरीच पाहिजे होती. नुसती धरून भागलं नाही, मी जवसापासून सुरुवात केली. रांग कशी झाली, तार कशी झाली. मध्येच कुणाची ओळ वाकडी दिसली की थांबवायची आणि सरळ करायला लावायची.

“काकू, भाताला काय ठाव पडतो वाकडा की सरल?” एक जण म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले, पण दोरी सोडली नाही.

शेजारीण हसत नव्हती. ती मधूनमधून मान वळवून वर चढाकडे बघत होती. मला ते दिसत होतं. खोटं कशाला लिहू, दिसत होतं.

संध्याकाळी माझं अर्धंच खाचर झालं होतं. रीत मोडून ती उठली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी उरलेलं संपवून आम्ही वर गेलो, तर तिच्या खाचरातलं पाणी उतरलेलं. वर ऊन कडक. चिखलात बोट घालायला गेले तर नख दुखलं. बांधावर काढून ठेवलेली रोपं शेंड्याला पिवळी पडत होती.

मी धावत जाऊन मुलाला विहिरीवरची मोटर लावायला सांगितली. पाईप जोडून झाला, बटण दाबलं, आणि मुलगा म्हणाला, “आई, लाईन नाय.”

काल हसवणारी ती बाई लगेच बोलली, “आता त्याला पण सांगा काकू, लाईन म्हंजे आधी दोरी होती म्हणून!”

“गप गो,” शेजारीण तिला म्हणाली. तिला. मला नाही.

वीज आली ती रात्रीच. नंतर आठवडाभर पाऊस फिरकला नाही, आणि ती रोपं गेली. शेजारणीनं माहेराहून नाचणीची रोपं मागून आणली. वर त्यांच्याकडे तिला नागली म्हणतात, तिला साचलेलं पाणी लागत नाही. म्हणजे त्या खाचरातून या साली भात नाही. घरात तिची सासू आणि दोन लहान लेकरं.

नाचणी लावायला तिनं सावड बोलावली. मला वाटलं, माझ्या दाराशी येणार नाही. आली. “काकू, उद्या येताव ना?”

मी गेले. ओळीच्या टोकाला, सगळ्यांच्या मागं राहिले. कुणी टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. कुणी मारला नाही. एकदा फक्त शेजारीण माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाली, “एवढी खोल नका लावू काकू, नागली वरवरच लावायची.” मी मान हलवली आणि तिच्या हाताकडे बघून लावत गेले.

दुपारी ती जेवण घेऊन आली. वयानं मोठी म्हणून पहिली भाकर माझ्या हातावर ठेवली. बघते तर तांदळाची. गेल्या सालच्या भातातली, जे तिला आता पुढच्या सालापर्यंत पुरवायचं होतं. मी अर्धी मोडून परत टोपलीत ठेवायला गेले, तर तिनं माझा हात धरला.

“खा ना काकू. अजून अर्धा खाचर लावायचा हाय.”

सगळ्या बघत होत्या. मी मान खाली घातली आणि अख्खी भाकर खाल्ली.