पाचवा हिस्सा राख

"राख भांडी घासायला असते, सूनबाई. छपराला नाही."

"मामंजी, फक्त पाचवा हिस्सा. बाकी सिमेंटच आहे."

"पाचवा हिस्सा पाणी घातलेल्या दुधालाही तू दूधच म्हणशील!"

सासऱ्यांना सगळे टकटकमास्तर म्हणायचे. लोखंडी जाळीवर बोटभर जाडीचा गिलावा चढवून टाक्या नि छपराची पॅनेलं घडवण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. यंत्रावर भरवसा नाही; बोटाच्या पेरानं वाजवायचं आणि आवाजावरून निकाल द्यायचा. मुलाचं लग्न ठरवायला गेले तेव्हाही मुलीआधी व्याह्यांची भिंत वाजवली. भिंत पोकळ निघाली, मुलगी पसंत पडली. ती इंजिनियर आहे म्हणजे नेमकं काय, हे कळेपर्यंत उशीर झाला होता.

आता कारखाना तिच्या हातात होता, आणि वीजकेंद्राची राख पोत्यांनी येऊन पडली होती. अंगणात शाळेच्या छपराची जाळी बांधून तयार. पण इतका पातळ गिलावा एकाच हाताला जमायचा, आणि तो हात सकाळपासून खिशात होता.

"सातव्या दिवशी तुझा नमुना वाजवला. बद्द!"

"राखेचा माल उशिरा घट्ट होतो, मामंजी. महिन्यानं वाजवून बघा."

"अगदी यांच्यासारखा," स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या. "यांनाही अक्कल यायला दहा वर्षं लागली."

"तू मध्ये बोलू नकोस! सूनबाई, ती मागची टाकी बघ. माझी पहिली. आजवर थेंब गळला नाही. वाजव, घंटा आहे घंटा! त्यात होती का राख?"

"होती," सासूबाई म्हणाल्या.

हात खिशातून बाहेर आला.

"दोन पोती सिमेंट भिजून दगड झालं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही घर डोक्यावर घेतलं असतंत. मग गिरणीच्या बॉयलरची राख आणली, त्या खिळ्यावरच्या चाळणीनं चाळली आणि मालात ढकलली. कालवायचं काम माझंच होतं की! तुम्हाला फक्त थापायचं ठाऊक."

"आणि इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"विचारलंत कुठे? तुम्ही वाजवत बसलात."

सुनेनं ओठ घट्ट मिटले. आत्ता हसू फुटलं तर शाळेचं छप्पर गेलंच.

"मग मामंजी... माल कालवायला घेऊ?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं नाही, बायकोकडे तर नाहीच नाही. खिळ्यावरची चाळणी काढली, सवयीनं कडेवर एकदा टकटक केलं आणि अंगणात निघून गेले.