अर्धा राहिलेला वाद

वडिलांच्या, म्हणजे आमच्या अण्णांच्या, अस्थी सावडायला आम्ही सकाळीच निघालो. मंडळी मागून येत होती, मी एकटाच पुढे नदीवर पोचलो. धुकं इतकं दाट होतं, की चितेची जागासुद्धा दिसेना. आणि त्या धुक्यात कुणीतरी बोलत होतं. बोलणं थांबे, कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी शांतता पसरे, मग पुन्हा बोलणं सुरू होई. माझ्या अंगावर काटा आला.

जवळ गेलो तर हमीदचाचा, अण्णांचे बालमित्र. मेल्यावर माणसाचं काय होतं, यावर दोघं आमच्या ओट्यावर बसून जन्मभर वाद घालत आले. अण्णा म्हणत पुनर्जन्म, चाचा म्हणत कयामत.

"चाचा, कुणाशी बोलताय?"

"तुझ्या अण्णांशी. वाद अर्धा राहिला ना, बेटा."

"पण ते आता कसे बोलणार?"

"दुसऱ्या धर्माच्या माणसाशी वाद घालायचा तर सुंदर रीतीनं घाला, अशी आमच्यात शिकवण आहे. आपलंच सांगून उठून जायचं नसतं. त्याची बोलायची पाळी त्याला द्यायची."

मग ते गप्प राहिले. राखेतून अजून ऊब येत होती. वादात जिंकायची घाई मी पुष्कळ पाहिली आहे. गेलेल्या माणसाच्या उत्तरासाठी थांबणारा मात्र पहिल्यांदाच पाहत होतो. नदीचा आवाजही बंद झाल्यासारखा वाटला. नकळत मीही कान देऊन ऐकू लागलो.

बऱ्याच वेळानं चाचांनी मान हलवली.

"नाही रे," ते राखेकडे बघत हळूच म्हणाले, "हे मला अजून पटत नाही."