वाट्याच्या शेळ्या

लॉकडाऊनमध्ये आम्हा दोघांचंही भाडं थकलं होतं. माझं तीन महिन्यांचं, शेजारच्या खोलीतल्याचं चार. तरी घरमालकीण काकू त्याला हटकायच्या नाहीत, आणि मला दर एक तारखेला. एवढंच माझं दुखणं होतं.

घर पुंडलिकनगरात. वर काकू एकट्या, खाली आम्ही दोन भाडेकरू. तो सोयगावकडचा, औरंगपुऱ्यात कापडाच्या दुकानात कामाला. दुकान बंद, माझी कंपनीही बंद. फरक इतकाच की आठवड्यानं नळाला पाणी आलं की तो मोटार लावायचा, आधी काकूंची टाकी भरायचा, मग स्वतःचे ड्रम. मलाही जमलं असतं. सुचलं नाही. त्याला काकूंची वरून हाक यायची, "भाऊ, चहा घेऊन जा." मी नुसता 'खालचे'.

एका दुपारी त्यानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. गावी त्याच्या आईभोवती अकरा शेळ्या.

"लई झाल्या की रे," मी म्हणालो.

"माझ्या कुठं, दादा? वाट्याच्या हायेत. शेळ्या दुसऱ्याच्या, राखती आमची माय. पिल्लं निम्मी निम्मी. यंदा दोन बोकड आले वाट्याला, ते दवाखान्यात गेले."

"बोकड?"

"बोकडाचे पैसे हो," तो हसला.

मी खेड्यातलाच. वाट्यानं जनावर राखणं मला नवीन नव्हतं. काकूंचा जन्म मात्र शहरात गेलेला.

एक तारखेला त्यांनी मला हटकलं, तेव्हा मी म्हणालो, "गावी अकरा शेळ्या असणाऱ्याला तुम्ही काही म्हणत नाही."

"कोण, भाऊ?"

"व्हिडिओ बघा त्याच्या मोबाईलात."

शेळ्या वाट्याच्या आहेत, हे पुढचं वाक्य ओठावर होतं. ते मी गिळलं.

काकूंनी त्याला वर बोलावलं. जिन्यातून सगळं ऐकू येत होतं.

"शेळ्या आहेत का नाहीत, एवढंच सांग."

"हायेत, पर माझ्या नाय."

"तुझ्या दारात, आणि तुझ्या नाहीत? मला येडी समजतोस का?"

"खालच्या दादाला इचारा. त्यांना ठाव हाय."

काकूंनी दोनदा हाक मारली. मी दार लोटून घेतलं. ओ दिली नाही.

आठ दिवसांत खोली खाली करायला सांगितलं त्याला. टेम्पोत सामान चढवताना मी त्याची गादी उचलू लागलो. काकूंनी हाक मारली त्या दिवशी मी घरात नव्हतो, असंच तो धरून चालला होता. जाताना मोटारीचा पाइप माझ्या हातात दिला.

"काकू एकट्या हायेत, दादा. आधी त्यांची टाकी भरत जा."

पुढचं पाणी आलं तेव्हा मी भरली. काकूंनी चहा दिला. त्या महिन्यात भाडंही मागितलं नाही. पण हाक आली ती "खालचे, कप घ्या" अशीच. कप हातात धरून मी जिन्यात उभा राहिलो. खरं सांगतो, तेव्हाही मला त्याचा हेवाच वाटला.