नबीलाच्या खोलीत नेट पोचत नाही

राजिवड्यातल्या गफूरमियांनी एकतीस वर्षं मच्छीमारी लाँचींची इंजिनं दुरुस्त केली. मिरकरवाडा बंदरात त्यांच्याविषयी एकच तक्रार असे: माणूस वेळ फार घेतो. गुडघे गेले तसं काम सुटलं. बोटांच्या भेगांतलं काळं तेल तेवढं राहिलं, आणि दुसऱ्याच्या अर्धवट कामाचा राग.

सून नबीला म्हणाली, "अब्बा, माझ्या फोनवर नेट अडकतं." त्यांनी पडवीत, नेटच्या डब्याशेजारी बसून आपल्या फोनवर स्पीड तपासला. नव्वद.

"लाइन बरोबर हाय. एका वेळी काय काय उघडून बसतेस, ते बघ."

नबीला बी.एस्सी. झालेली. नवरा हमझा कुवेतला. मुंबईच्या एका शिकवणीवाल्यांकडे मुलांना फोनवरून गणित शिकवायचं काम तिला मिळत होतं. आधी चाचणीचा एक तास घ्यायचा होता. तो बाराव्या मिनिटाला तुटला. पलीकडची मुलगी 'टीचर, टीचर' करत राहिली. तिच्या आईने तक्रार लिहिली. शिकवणीवाल्यांनी आणखी एक तास दिला, गुरुवारी चार वाजता. तोही तुटला तर काम दुसऱ्या कुणाला तरी जाणार होतं.

त्याच संध्याकाळी हमझाने विचारलं तेव्हा गफूरमिया म्हणाले, "लाइन मी तपासली. ठीक हाय. तिलाच जमत नसेल."

हमझा बायकोला म्हणाला, अब्बांनी सांगितलं मला, सोड ते, उगाच त्रास करून घेऊ नको. त्यानंतर दोन दिवस नबीला सासऱ्यांच्या समोर चहा ठेवी आणि न बोलता आत जाई.

ते गफूरमियांना बोचलं. ते तिच्या आतल्या खोलीत गेले आणि तिथे त्यांच्याही फोनवर स्पीड चाळीसवर आला. मधली भिंत चिऱ्याची, वीतभर जाडीची. म्हणजे दोष भिंतीचा. त्यांनी छिन्नी-हातोडा काढला.

"जन्मात कुठल्या इंजिनाला भोक पाडलं नाय," हफीजा, त्यांची बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली. "आता घराला पाडा."

"तू धुळीपासून मासे झाक."

दोन दिवस लागले. चिरा भुसभुशीत, घाई केली तर कड फुटते. त्यांनी वायरपुरतंच भोक पाडलं, आरपार सरळ. बुधवारी लाइनवाला दर्शन आला, त्याने वायर आत घेऊन डबा नबीलाच्या टेबलावर बसवला आणि आपल्या फोनवर तपासलं. चौऱ्याण्णव.

"काका, आता रॉकेट."

तो गेला. नबीलाने आपला फोन पाहिला. अकरा. मग सहा.

"नीट बघ," गफूरमिया म्हणाले.

तिने फोन त्यांच्या हातात दिला. "तुम्हीच बघा, अब्बा. मला नीट बघायला येत नाय असं तुम्ही कुवेतपर्यंत कळवलंय."

गुरुवारी सकाळी त्यांनी दोन्ही फोन डब्याशेजारी ठेवले. तिचा सात. आपला ब्याण्णव. एकच खोली, एकच डबा, एकच वेळ. इंजिनाचा एक सिलिंडर धड पेटत नसेल तर त्याचा डिझेल फवारणारा नोझल शेजारच्या सिलिंडरला लावून बघतात. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझलच खराब. बंदरावर हे नवख्यालाही पहिल्या महिन्यात शिकवतात. इथे त्यांनी चार दिवसांत ते केलं नव्हतं, कारण आपला फोन दुसऱ्याच्या हातात द्यायचा हे मनातच आलं नव्हतं. हा फोन हमझाने ईदला पाठवलेला. बाहेरून आलेली चीज आधी घरातल्या मोठ्याला आणि त्याचं जुनं खाली, ही घरची रीत. नबीलाच्या हातातला फोन त्यांनीच पाच वर्षं बंदरावर वापरलेला होता.

त्यांनी दर्शनला फोन लावला.

"डब्यातून हवेतनं दोन वाटा निघतात, काका. जुन्या फोनला एकच माहीत, आणि तिच्यावर अख्ख्या मोहल्ल्याच्या डब्यांची गर्दी. तुमचा दुसरीने जातो, ती मोकळी."

"मग काल का नाय बोललास?"

"तुम्ही भिंतीचं विचारलंत."

चार वाजता नबीलाने त्यांच्या फोनवर तास घेतला. चाळीस मिनिटं ते दाराबाहेर उभे राहिले, दुखऱ्या गुडघ्यांवर. आवाज एकदाही तुटला नाही. अपूर्णांकांची सहा गणितं झाली, शेवटचं मुलीने स्वतः सोडवलं.

निरोप लगेच आला. काम मिळालं, पण आठवड्याचे पाच दिवस ठरले होते त्याऐवजी दोन. पहिल्या तासाची तक्रार नोंदीत राहिली होती.

नबीलाने फोन ओढणीने पुसून पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

"तुझ्याकडेच ठेव."

"अब्बा, त्यांनी ईदला तुमच्यासाठी पाठवलाय. त्यांना मी काय सांगू?"

"तू नको सांगू."

ते जुना फोन घेऊन पडवीत आले आणि हमझाला व्हिडिओ कॉल लावला. तो जेवत होता.

"तिची चूक नव्हती," गफूरमिया म्हणाले. "मी फक्त माझ्या फोनवर तपासलं. तुला खोटं सांगितलं. तिच्या कामाचे आठवड्यातले तीन दिवस त्यात गेले."

पडद्यावर हमझा हातात घास धरून थांबलेला. त्या फोनवर कळत नव्हतं, मुलगा गप्प झालाय की चित्र अडकलंय. गफूरमियांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.