खाऊचा चेंडू आणि पुंजारामतात्यांची माघार

पुंजारामतात्यांनी आयुष्यात जितक्या माघारी घेतल्या, त्या सगळ्यांचे अर्ज माझ्या हातचे. सोनईच्या रस्त्याला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. उतारे, दाखले, निवडणुकीचे कागद, सगळं भरून देतो. तेव्हा हे ऐकीव नाही.

आमच्या गावच्या दूध संस्थेची निवडणूक दर पाच वर्षांनी येते आणि दर पाच वर्षांनी तात्या संचालकपदाला अर्ज भरतात. माघारीच्या शेवटच्या दिवशी संस्थेचे चेअरमन आबा त्यांच्या खांद्यावर हात ठेवतात. "पुंजा, तू घरचा मानूस. या टायमाला थांब, पुढल्या टायमाला तुझंच नाव पयलं." झालं! तीन वाजायच्या आत तात्या सही करून मोकळे. पहिल्यांदा शाल आणि नारळ मिळाला. पुढच्या वेळी फ्लेक्सवर फोटो, तोही खालच्या रांगेत, पोस्टाच्या तिकिटाएवढा. मग तंटामुक्ती समिती. चौथ्यांदा त्यांना संस्थेचं 'विशेष निमंत्रित' केलं, म्हणजे बैठकीला खुर्ची मिळते, चहा मिळतो आणि मत विचारत नाहीत. वीस वर्षं हो! मी अर्ज लिहून लिहून कंटाळलो, पण हा माणूस काही कंटाळला नाही.

माणूस वाईट म्हणाल तर तसंही नाही. रोज सकाळी नऊला पांढरेशुभ्र कपडे करून आबांच्या बंगल्यावर हजर. गावात मयत असो की बारसं, आबांचा निरोप तात्यांनीच पोचवायचा. संस्थेचे सहाशे सभासद, त्यातल्या कुणाची गाय कधी व्याली ते तात्यांना तोंडपाठ. स्वतःच्या गोठ्यातल्या तीन गाई मात्र मालनकाकू बघतात. धारा त्याच काढतात, कॅन त्याच उचलतात, संस्थेत सभासदही स्वतःच्या नावानं आहेत. काकूंचं एकच मागणं होतं. फॅट मोजायच्या मशीनचं तोंड आतल्या क्लार्ककडं असतं, ते दूध घालणाऱ्याकडं करा, म्हणजे ज्यावर भाव ठरतो तो आपल्या दुधाचा आकडा आपल्याला दिसेल. हे बैठकीत काढा म्हणून त्यांनी तात्यांच्या किती मिनतवाऱ्या केल्या असतील! तात्या म्हणायचे, "पुढच्या मीटिंगला काढतो."

यंदा जानेवारीत त्यांची लेक वृषाली पुण्याहून आली ती कुत्रा घेऊन. कंपनी तिला तीन महिने परदेशी धाडणार होती, तोवर कुत्रा आईबापाकडं. कुत्रा लॅब्राडोर, नाव ब्रूनो, अंगानं वासराएवढा. त्याच्याबरोबर एक पिशवीभर खेळणी. आमच्याकडं कुत्र्याला खेळणं म्हणजे दुसऱ्याचं कुत्रं. सगळी आळी बघायला जमली.

वृषालीनं एकेक वस्तू काढून दाखवली. एका फळीला झाकणं होती, पंजानं सरकवली की खाली खाऊ. एक पोकळ रबरी लांबोळकं, त्यात शेंगदाण्याचं वाटण भरून फ्रीजमध्ये गोठवायचं, कुत्रा तासभर चाटत बसतो. आणि एक चेंडू. त्याच्या आत बिस्किटाचे तुकडे भरायचे, कुत्र्यानं नाकानं ढकलला की भोकातून एखादा तुकडा पडतो.

"तात्या, हा रिकामा बसला की चपला फाडतो. याला गुंतवून ठेवायचं," ती म्हणाली. मग चेंडूची चकती फिरवून दाखवली. "याच्यानं भोक लहानमोठं होतं. लगेच मिळालं तर त्याला मजा येत नाही आणि काहीच मिळालं नाही तर तो नाद सोडतो. अधूनमधून पडत राहिलं पाहिजे."

तात्यांना चेंडू भयंकर आवडला. आठवड्यात ते त्यातले एवढे दर्दी झाले की चकती किती फिरवायची यावर पारावर व्याख्यान द्यायचे. आबांच्या कानावर गेलं आणि आबा स्वतः गाडी घेऊन चेंडू बघायला आले. अंगणात खुर्च्या टाकल्या, मीही होतो. ब्रूनो चेंडू ढकलत तुळशीला चार फेऱ्या मारून आला, तेव्हा कुठं एक तुकडा पडला. तो गिळून गडी पुन्हा पळाला.

आबा मांडीवर थाप मारून हसले. "भारी हाय रे पुंजा! आत केवढा खाऊ हाय?"

"मूठभर, आबा."

"आन पळतंय किती वेळ?"

"सकाळधरनं."

"बघ की! मूठभर खाऊत दिवसभर काम. लई डोकेबाज मानसानं केलंय." दोघंही खदाखदा हसले. मला हसू आलं नाही. खरं सांगायचं तर तात्यांची कीव आली आणि मग स्वतःचाच राग आला, कारण चार वेळा कागद मीच लिहिला होता.

ओसरीवर मालनकाकू चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कप ठेवले, चेंडू उचलला, झाकण पिरगाळून उघडलं आणि सगळे तुकडे ब्रूनोपुढं ओतले. "मुक्या जनावराला असं तरसवू न्हाई," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून ब्रूनोनं ढकलायचं सोडलं. चेंडू तोंडात धरायचा आणि थेट काकूंच्या पायाशी आणून ठेवायचा. तात्या चिडायचे, "अगं, त्याला आयतं खायची सवय लागंल!" काकू झाकण उघडून तुकडे ओतायच्या.

मार्चमध्ये निवडणूक लागली. यंदा तात्यांनी दोन अर्ज भरले. एक स्वतःचा, दुसरा महिला राखीवमधून काकूंचा. आमच्याकडं ही रीतच आहे. निवडून यायला नव्हे, घरात दोन अर्ज असले की माघारीच्या वेळी वजन पडतं. काकूंनी कागद वाचला आणि सही केली. तात्या मला म्हणाले, "तिला काय कळतंय त्यातलं."

माघारीच्या दिवशी दुपारी एकला तात्या दुकानात आले. "लिही."

"तात्या, पुन्हा?"

"स्वीकृत संचालक करतो म्हनलेत आबा."

"कधी?"

"बघू म्हनलेत पुढं."

मी लिहिला. दारात आबांचा माणूस उभाच होता. तो तात्यांना गाडीवर घालून संस्थेत घेऊन गेला, अर्ज जमा झाला. राहिला काकूंचा. महिलांच्या दोन जागा, आबांची सून, आबांची मेहुणी आणि काकू. काकूंची सही झाली की निवडणूक बिनविरोध. आबांचे बिनविरोधचे फ्लेक्स छापूनही आले होते.

अडीचच्या सुमाराला काकूंच्या माघारीचा कागद घेऊन तात्या आणि मी घरी पोचलो. काकू घास कापत होत्या. विळा बाजूला ठेवून, हात पदराला पुसून त्यांनी कागद घेतला आणि सावकाश, पहिल्या ओळीपासून वाचला.

"तुमाला काय देनार हायेत?"

"स्वीकृत करतेत."

"आन मला?"

"तुला? तुला कशाला?"

"माघार मी घ्यायची आन मिळायचं तुमाला?"

"अगं, शब्द दिलाय मी!"

"तुमी दिलाय. मला कुनी इचारलंय?" काकूंनी कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

तेवढ्यात आबांचा फोन आला. तात्यांचा फोन कायम स्पीकरवर. "पुंजा, अडीच वाजून गेले. सही झाली का?"

काकूंनीच फोनजवळ तोंड नेलं. "आबा, मी मालन बोलतेय. मशीनचं तोंड आमच्याकडं कधी फिरवताय?"

"वैनी, ते व्हय... बघू की. आधी सही करून टाका, बिनविरोध हू द्या. पुढल्या टायमाला तुमालाच घेतो, आपला शब्द हाय."

"पुढल्या टायमाला तुमी थांबा, आबा," काकू म्हणाल्या.

पलीकडून फोन कट झाला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण तात्यांचा चेहरा बघून हात आवरले. ते बाजेवर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. काकूंनी उरलेला घास कापला, गाईंपुढं टाकला, हातपाय धुतले. तीन वाजले आणि काकू संस्थेच्या निवडणुकीला कायदेशीर उभ्या राहिल्या.

तात्या बाजेवरून उठले. "पंधरा दिवसांत सहाशे घरं. मानसं आबांची, गाडी आबांची. तुझ्यासाठी दारोदार कोन फिरनार?"

"तुमी," काकू म्हणाल्या. "वीस वरसं दुसऱ्यासाठीच फिरलाय न्हवं?"