तुला काय वाटतं?

गिरगावात आमच्या शेजारच्या खोलीतले मास्तर संध्याकाळी गॅलरीत चटई टाकून शिकवणी घ्यायचे, पण उत्तर म्हणून सांगायचे नाहीत. पोराने काही विचारलं की चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "तुला काय वाटतं?" आणि नाक चोळत खुशाल वाट बघत बसायचे.

संयुक्त महाराष्ट्राच्या गडबडीत शाळा बंद होत्या, तेव्हा एका शांत दिवशी त्यांनी पोरांना चौपाटीवर नेलं. भरतीचं पाणी पोचलं तिथे दगड ठेवायला लावला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पाणी दगडापाशी का नाही, हे पोरांनीच शोधायचं.

"अहो मास्तर, दगडधोंडे राहू द्यात, मार्कांचं बघा," खालच्या वहिनींनी तोंडावर सांगितलं. एकेक पोर ठाकूरद्वारच्या क्लासला जायला लागलं. तिथे उत्तरं लिहून देत आणि घोकून घेत.

मास्तर काही दिवस रिकाम्या चटईवर बसले. मग तेही उत्तरं सांगायला लागले. चटई पुन्हा भरली, मार्कही वाढले. चाळ खूश झाली.

एकदा माझ्या धाकट्या लेकीने विचारलं, "मास्तर, दिवसासुद्धा चंद्र कसा हो दिसतो?"

मास्तरांचा हात चष्म्याकडे गेला. "तुला काय..." म्हणाले आणि थांबले. हात खाली आला.

"ते परीक्षेला येत नाही. पुढचं लिहून घे."

धाकटीने निमूट लिहून घेतलं. त्यानंतर तिने कुणालाच काही विचारल्याचं मला आठवत नाही.